सायीच्या रंगाचा झिनिया

लग्नसराई जवळ आली की आमच्या ऊर्जानगरात घरोघरी एक प्रश्न निघतो. फुले कुठून आणायची? हारासाठी झेंडू, शेवंती, गुलाब चंद्रपूरच्या बाजारात मिळतात. पण वलीम्याच्या टेबलावरची फुलदाणी, दुल्हनच्या खोलीतला गुच्छ, पाहुण्यांच्या हातात द्यायची चार फुले यांना लांब दांड्याचे फूल लागते. ते बहुतेक वेळा नागपूरहून मागवावे लागते. नागपूर इथून साधारण १५० किलोमीटर. नागपूरच्या बाजारातही गुलाब आणि जरबेराच्या पेट्या अनेकदा पुणे-नाशिककडच्या हरितगृहांतून आलेल्या असतात. म्हणजे फूल आपल्या दारी येते तेव्हा त्याचे निम्मे आयुष्य प्रवासात सरलेले असते. पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात.

निकाह साधा असावा, खर्चात इस्राफ नसावा, असे आपण सगळेच म्हणतो. पण साधेपणा म्हणजे ओकेबोकेपणा नव्हे. घरच्या अंगणात वाढवलेली चाळीस-पन्नास फुले स्वच्छ काचेच्या बरणीत मांडली तर मजलिस सजते आणि कर्जही होत नाही. याच विचाराने आमच्या क्वार्टर्सच्या रांगेतल्या काही घरांनी मिळून झिनिया लावायला घेतला, आणि त्यातही क्रीम रंगाचा. दुधावर साय धरते, त्या सायीचा हा रंग. लाल, गुलाबी, नारिंगी झिनिया सगळीकडे दिसतो. क्रीम रंग कमी दिसतो आणि तो टिकवायला मेहनत पडते. ती मेहनत कशी करायची, तेच या लेखात सांगायचे आहे.

परदेशी पाहुणा

झिनिया मूळचा मेक्सिकोचा. आपला झेंडूही तिथलाच, हे अनेकांना माहीत नसते. बाराव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिल शहरात इब्न अल-अव्वाम यांनी शेतीवर ‘किताब अल-फिलाहा’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ५८५ वनस्पतींची माहिती आहे, पण झिनिया नाही. कारण तेव्हा अमेरिका खंडातली झाडे स्पेनमध्ये पोचलेली नव्हती.

झिनिया हे नाव योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन विद्वानावरून पडले. झिन गॉटिंगेनला वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र शिकवत. १७५५ मध्ये त्यांनी मानवी डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. डोळ्यातले भिंग ज्या बारीक तंतूंनी जागेवर धरलेले असते, त्यांनाही झिन यांचेच नाव आहे. १७५९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते वारले. पुढे लिनियसने या फुलाला त्यांचे नाव दिले. डोळ्याचा अभ्यास म्हटला की आपल्याला इब्न अल-हैसम आणि त्यांचे ‘किताब अल-मनाझिर’ आठवते. त्याच विद्येच्या एका पाईकाचे नाव आपल्या अंगणातल्या फुलाला आहे, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले फुलाकडे निराळ्या नजरेने पाहतात.

फारसीत झिनियाला गुल-ए-आहार म्हणतात. आहार म्हणजे कपड्याला देतात ती खळ, कांजी. झिनियाची पाकळी बोटांत धरली की हे नाव पटते. ती गुलाबासारखी मऊ नसते, इस्त्री केलेल्या दुपट्ट्याच्या काठासारखी कडक असते. याच कडकपणामुळे हे फूल बरणीत आठवडाभर सहज उभे राहते.

बाजारात ‘पांढरा’ म्हणून मिळणारा झिनिया मोगऱ्यासारखा शुभ्र क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो सायीकडे झुकतो आणि मधोमध किंचित हिरवट असतो. ‘इझाबेलिना’ नावाचा एक जुना वाण फिकट लोण्याच्या रंगाचा आहे. जर्मनीतल्या एर्फुर्ट शहरात १८४३ मध्ये सुरू झालेल्या बेनारी या बियाणे घराण्याची ‘बेनारीज जायंट’ ही मालिका फुलदाणीच्या फुलांसाठी नावाजलेली आहे. तिच्यात पांढरा रंगही आहे. अशी वेगळ्या रंगाची पाकिटे मिळाली तर उत्तम. मात्र आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात बहुधा मिश्र रंगांचेच पाकीट मिळते. त्यातूनही क्रीम रंग वेगळा काढता येतो, त्याची रीत पुढे दिली आहे.

ऊर्जानगरची हवा, माती आणि ऊन

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. २,९२० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र, शेजारी दुर्गापूरच्या कोळसा खाणी, पाण्यासाठी इरई धरण आणि पलीकडे ताडोबाचे जंगल. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. दोष कुणाचा किती, हा या लेखाचा विषय नाही. पण बागकाम करणाऱ्याला धुळीचा हिशेब धरावाच लागतो, कारण क्रीम रंग काहीच लपवत नाही. लाल फुलावर बसलेली धूळ दिसत नाही. सायीच्या रंगाच्या फुलावर दोन दिवसांत करडी झाक येते.

त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, वाफा रस्त्याच्या बाजूला न करता घराच्या आडोशाला करावा. मात्र तिथे किमान सहा तास थेट ऊन हवे. दुसरा, रस्त्याकडच्या बाजूला मेंदीचे कुंपण घालावे. मेंदीची दाट पाने बरीच धूळ अडवतात आणि ईदला हातावरही कामी येतात. तिसरा, फूल पूर्ण उमलले की झाडावर ठेवू नये, लगेच कापावे. धूळ बसलेल्या फुलावर पाणी मारू नका, डाग पडतात. दांडा उलटा धरून हलकेच झटका किंवा मऊ ब्रशने पाकळ्या पुसा.

आमच्याकडची माती बहुतेक ठिकाणी चिकट. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. झिनियाला निचरा हवा. म्हणून जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करावा. मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी रेती मिसळावी, एखादी मूठ निंबोळी पेंड घालावी. खताचा मारा मात्र करू नये. जास्त नत्र मिळाले की पाने भराभर वाढतात, दांडा पोचट होतो आणि फूल मान टाकते. मातीबद्दल शंका असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येतो.

पेरणी कधी?

झिनिया उष्ण देशाचा. कडाक्याची थंडी त्याला चालत नाही, पण चंद्रपूरचा उन्हाळाही साधा नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि क्रीम पाकळ्यांच्या कडा करपून तपकिरी होतात. भर पावसाळ्यात पाने सतत ओली राहिल्याने रोग पडतो. त्यामुळे आम्ही दोनच हंगाम धरतो.

पहिला हंगाम मुख्य. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी करायची. साठ ते सत्तर दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरमध्ये लग्नसराई सुरू होताना फुले हाती येतात. दुसरा हंगाम जानेवारीच्या अखेरीस थंडी ओसरू लागल्यावर. त्याची फुले एप्रिलमध्ये मिळतात.

ईदसाठी फुले हवी असतील तर हिशेब चंद्राच्या महिन्यांनी करावा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणून इंग्रजी तारीख लक्षात ठेवून उपयोग नाही. ईदुल फित्र शव्वालच्या १ तारखेला. तिथून मागे रमजान आणि शाबान हे दोन महिने आणि रजबचे शेवटचे दहा दिवस मोजले की साधारण सत्तर दिवस होतात. म्हणजे रजबच्या २० तारखेच्या आसपास, शब-ए-मेराजच्या आठवडाभर आधी पेरणी करायची. हे दिवस थंडीत येत असतील तर पंधरा-वीस दिवस आणखी आधी, रजब लागताच बी टाकावे. थंडीत रोप हळू वाढते. शिवाय दिवस लहान असले की झिनिया लवकर कळीवर येतो आणि दांडा आखूड राहतो, हेही ध्यानात असू द्या.

बी ते रोप

झिनियाचे बी चपटे, बाणाच्या टोकासारखे असते. एका ग्रॅममध्ये शंभराच्या आसपास बिया भरतात, त्यामुळे लहान पाकीटही एका घराला पुरते. बी थेट वाफ्यात पेरले तरी चालते. पण चिमण्या आणि मुंग्यांचा त्रास असेल तर आधी कागदी कपात रोपे करावीत. कपाच्या तळाला दोन भोके पाडा. निम्मी माती आणि निम्मे गांडूळखत भरा. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा फार खोल घालू नका. वरून माती भुरभुरवा आणि झारीने पाणी द्या. माती ओलसर हवी, चिखल नको. पंचवीस अंशांच्या आसपास उबेत चार ते सात दिवसांत कोंब वर येतो.

हे काम मुलांच्या हाती जरूर द्यावे. शाळेत ‘बीजांकुरण’ हा धडा फळ्यावर शिकवताना जो अर्धा वर्ग जांभया देतो, तोच वर्ग कपातली माती वर उचलली गेलेली पाहून धावत सांगायला येतो. प्रत्येक कपावर मुलाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहा. किती बिया टाकल्या आणि किती उगवल्या याची टक्केवारी त्यालाच काढू द्या. गणित, विज्ञान आणि सब्र, तिन्हींचा धडा एकाच कपात होतो.

रोपाला चार खरी पाने आली की संध्याकाळी वाफ्यात लावावे. मुळे हलवलेली झिनियाला आवडत नाहीत, म्हणून कप फाडून मातीच्या गोळ्यासकट रोप ठेवा. दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा रिकामा वाटतो आणि मधे आणखी रोपे खुपसावीशी वाटतात. तसे करू नका. ती मोकळी जागा वाऱ्यासाठी आहे.

शेंडा खुडायला घाबरू नका

झिनियाच्या लागवडीत हात थरथरावा असे एकच काम आहे. रोप साधारण वीतभर ते फूटभर उंच झाले, पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की मधला शेंडा कापायचा. खाली पानांच्या तीन जोड्या ठेवायच्या. शेजारच्या एक खाला हे पाहून म्हणाल्या होत्या, “अगं, पोटच्या पोराला चापट मारल्यासारखं वाटतं!” पण दहा-बारा दिवसांत प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा निघतो. एका दांड्याच्या जागी चार-सहा सरळ, लांब दांडे मिळतात. शेंडा तसाच ठेवला तर एक मोठे फूल येते आणि बाजूची फुले आखूड दांड्याची राहतात. ती बागेत शोभतात, बरणीत उभी राहत नाहीत.

झाड कमरेएवढे होते. वाऱ्यात आडवे होऊ नये म्हणून वाफ्याच्या चार कोपऱ्यांत काठ्या रोवून दोन पातळ्यांवर सुतळी फिरवावी.

पाणी: वजूचे आणि झारीचे

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. उन्हाळ्यात पाण्याची खरी किंमत चंद्रपूरकरांना वेगळी सांगायला नको. वजूच्या पाण्यात साबण नसतो. नळाखाली घमेले ठेवले तर पाच वेळच्या नमाजीत घरातल्या चार माणसांचे पाणी मिळून लहान वाफ्याची तहान सहज भागते. वृद्धांसाठी स्टूल आणि खाली टब ठेवला की त्यांनाही वाकावे लागत नाही आणि पाणीही सांडत नाही.

पाणी नेहमी मुळाशी द्यावे, पानांवर नको, आणि सकाळी द्यावे. रात्री पाने ओली राहिली की भुरी येते. पानांवर पिठासारखा पांढरा थर दिसतो, तो हा रोग. दुसरा करपा. त्यात तपकिरी ठिपके पडतात आणि मधोमध राखाडी होतात. करप्याची बुरशी बियाण्यातूनही येते, म्हणून रोगट झाडाचे बी कधीही धरू नये. रोगट पाने तोडून वाफ्याबाहेर न्यावीत, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. भुरीला पाण्यात मिसळणारे गंधक चालते, पण ऊन तापल्यावर फवारू नये, पाने भाजतात. खरा उपाय मात्र मोकळी हवा हाच.

हा धडा अंतराळातही गिरवला गेला आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया वाढवण्याचा प्रयोग झाला. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या रोपांवर ओलाव्यामुळे बुरशी आली आणि काही रोपे दगावली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा रोपांकडे पाहून पाणी द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्या नारिंगी झिनियाचे छायाचित्र जगभर पोचले. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवरही झाडाची मागणी तीच होती: वारा द्या आणि पाणी बेतानेच द्या.

उजाडल्याशिवाय वाफ्यात जायचे नाही

बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेले असते की फुले पहाटे कापावीत. तेव्हा दांड्यात पाणी भरपूर असते हे खरे. पण ऊर्जानगरात हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. इथे जंगल कुंपणाला लागून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. ते दिवस इथले कुणी विसरलेले नाही.

म्हणून आमचा नियम साधा आहे. फजरची नमाज घरात, फुले पूर्ण उजाडल्यावर. मगरिबनंतर वाफ्यात कुणीही, विशेषतः मुलांनी, जायचे नाही. मेंदीचे कुंपण गुडघ्याच्या वर वाढू द्यायचे नाही, म्हणजे त्याच्याआड कुणी दबा धरू शकणार नाही. झिनियाचे वाफे घराच्या भिंतीलगत आणि सलग न करता तुकड्या-तुकड्यांनी करायचे. वाफ्याजवळ उष्टे-खरकटे टाकायचे नाही. त्याने कुत्री आणि डुकरे येतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. दिवसा वानरे कोवळे शेंडे खुडून जातात, त्यासाठी जुनी मच्छरदाणी पुरते. ही काळजी घेतली तर फूल अर्धा तास उशिरा कापल्याने काही बिघडत नाही.

कापणी आणि बरणी

झिनियाची कळी कापल्यावर उमलत नाही. ग्लॅडिओलससारखे याचे नसते. म्हणून फूल तयार झाले का हे ओळखता आले पाहिजे. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा दोन बोटांत धरून हलवा. मान लुडबुडली तर फूल कच्चे आहे, दोन दिवस थांबा. दांडा काठीसारखा ताठ राहिला तर कापा. कच्चे फूल कापले की संध्याकाळपर्यंत मान टाकते.

धारदार कात्रीने खालून, पानांच्या जोडीच्या थोडे वर, तिरपा छेद द्यावा. दांडा लांब मिळतो आणि त्याच जोडीतून नवे दांडे फुटतात. जितके कापाल तितके झाड देते. बादलीत स्वच्छ पाणी घेऊनच वाफ्यात जा आणि कापताच दांडा पाण्यात ठेवा. पाण्यात बुडणारी सगळी पाने काढून टाका, कारण झिनियाचे पाणी लवकर घाण होते. बरणीत ब्लीचचे एक-दोन थेंब टाका. रोज पाणी बदला आणि दांड्याचे टोक किंचित कापा. फुले फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पाकळ्या काळवंडतात. इतके केले तर फुले आठवडाभर, कधी दहा दिवसही टिकतात.

झिनियाला सुगंध नसतो. कुणी सुगंधी फूल दिले तर नाकारू नये, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे. तेव्हा क्रीम झिनियाच्या गुच्छात निशिगंधाचे दोन दांडे किंवा मोगऱ्याची एक डहाळी घालावी. डोळ्यांसाठी झिनिया, नाकासाठी मोगरा.

क्रीम रंग क्रीमच राहावा म्हणून

आता सर्वांत नाजूक बाब. झिनियावर फुलपाखरे आणि मधमाश्या तुटून पडतात. त्या लाल फुलाचे पराग क्रीम फुलावर आणतात. त्या वर्षी काहीच कळत नाही, फूल क्रीमच असते. पण त्याचे बी पुढच्या वर्षी पेरले की गुलाबी, फिकट जांभळी, नारिंगी अशी सरमिसळ उगवते. चार-पाच वर्षांत मूळ रंग वाफ्यातून नाहीसा होऊ शकतो. बियाण्याच्या पाकिटावर ‘एफ-१ संकर’ असे लिहिले असेल तर त्याचे बी पहिल्याच पिढीत फाटे फोडते, म्हणून बी धरण्यासाठी साधा, सुधारित वाण घ्यावा.

मिश्र पाकिटातून क्रीम रंग वेगळा करायचा असेल तर तीस-चाळीस रोपे लावा. पहिले फूल उमलताच क्रीम झाडांना पांढरा दोरा बांधा. त्या झाडांच्या पुढच्या कळ्या उमलण्याआधीच मलमलच्या लहान पिशवीत झाका आणि तोंड सैल बांधा. फूल उमलल्यावर पिशवी काढून एका क्रीम फुलाच्या मधल्या पिवळ्या ताऱ्यांवर मऊ ब्रश फिरवा. तोच ब्रश दुसऱ्या क्रीम झाडाच्या फुलातल्या पाकळ्यांच्या मुळाशी, दुभंगलेल्या बारीक तंतूंवर फिरवा. मग पिशवी परत बांधा. तीन-चार दिवस हे करा. पहिल्या पिढीत सगळीच क्रीम निघतील असे नाही. दरवर्षी ज्यांचा रंग हवा तसा आहे तेवढीच ठेवायची, बाकीची उमलताच उपटायची.

हे काम किती चिकाटीचे आहे, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत आहे. पांढरा झेंडू कुणालाच साधत नव्हता. बर्पी या बियाणे कंपनीने १९५४ मध्ये त्यासाठी १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते १९७५ मध्ये मिळाले आयोवा राज्यातल्या ॲलिस व्हाँक या घरच्या बागेत फुले लावणाऱ्या महिलेला. त्यांची रीत साधी होती. दरवर्षी सर्वांत फिकट फुलाचे बी धरायचे आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचे. बागेतली नजर आणि घरची चिकाटी मोठमोठ्या संस्थांच्या पुढे गेली.

पण क्वार्टर्सच्या वस्तीत एकट्या घराला हे जमत नाही. मधमाशीला कुंपण कळत नाही. तुमच्या वाफ्यात क्रीम आणि शेजारी लाल असेल तर दोघांचेही बी बिघडते. म्हणून आम्ही रांगेतल्या घरांनी बसून ठरवले की आमच्या रांगेत फक्त क्रीम. ज्यांना लाल आवडतो त्यांनी झिनियाऐवजी जास्वंद किंवा गुलाब लावावा. या बोलण्यात शेजारच्या गैरमुस्लिम घरांतल्या काकू आणि वहिनीही होत्या. गौरी-गणपतीला त्यांना फुले हवीत, ईदला आम्हाला हवीत. बी एकच, वाफे वेगवेगळे. शेजाऱ्याचा हक्क म्हणजे काय हे समजावणारे असे उदाहरण पुस्तकात शोधावे लागत नाही.

बियाण्यासाठी पाच-सहा निरोगी झाडे राखून ठेवावीत, त्यांची फुले कापू नयेत. फूल झाडावरच वाळून तपकिरी आणि कुरकुरीत झाले की तोडावे. पाकळीच्या मुळाशी बाणासारखे बी असते. भरलेले बी जाड आणि करडे लागते, पोकळ बी कागदासारखे. ते सावलीत आठवडाभर वाळवावे, कागदी पाकिटात भरावे आणि भाजून थंड केलेल्या मूठभर तांदळासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. कोरड्या, थंड जागी असे बी तीन-चार वर्षे उगवते.

चार पैसे

सव्वा मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफ्यात चाळीस झाडे बसतात. एका झाडाचे दहा चांगले दांडे धरले तर दीड-दोन महिन्यांत चारशे दांडे, म्हणजे दहाच्या चाळीस जुड्या. समजा एक जुडी ३० रुपयांना गेली तर १,२०० रुपये. बी, खत, सुतळी यांचे तीनशे वजा करा. नऊशे रुपये उरतात. यातून घर चालत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. पण घराबाहेर पडणे शक्य नसलेल्या भगिनीच्या हाती स्वतःच्या मेहनतीचे नऊशे रुपये येणे ही लहान गोष्टही नाही. त्यात मुलीची सहल होते, वह्या येतात, सदका निघतो. तीन-चार घरे मिळून वाफे केले तर एखाद्या सभागृहाची किंवा सजावटवाल्याची मागणी पुरवता येते. मात्र आधी बोलणे करावे आणि मग पेरावे.

नेता येते ते बी

ऊर्जानगरातले घर आपले नसते. नोकरी आहे तोवर क्वार्टर, निवृत्त झाले की चावी परत. इथल्या अनेक कुटुंबांनी वीस-तीस वर्षे या अंगणांत आंबा, पेरू, जांभूळ वाढवले आणि एके दिवशी सामानाच्या गाडीत बसून भुसावळला, अकोल्याला, नांदेडला निघून गेली. झाड मागे राहिले. त्याची फळे पुढच्या माणसाने, त्याच्या मुलांनी आणि पाखरांनी खाल्ली. लावणाऱ्याला त्याचे पुण्य सदक्यासारखे मिळत राहते, ही हदीसची शिकवण अशा वेळी मोठा आधार देते. कयामत समोर दिसत असली तरी हातातले रोप लावून टाकावे, अशीही शिकवण आहे. मग बदलीच्या किंवा निवृत्तीच्या भीतीने वाफा रिकामा का ठेवावा?

आंबा नेता येत नाही. झिनिया नेता येतो. गेल्या हंगामात रांगेतले एक कुटुंब गाव सोडून गेले, तेव्हा भाभींनी स्वयंपाकघरातल्या डब्यांबरोबर क्रीम झिनियाच्या बियांचे पाकीट बांधून घेतले. आता त्यांच्या गावच्या अंगणात तो रंग फुलतो आहे. इकडे आमच्या रांगेत काही कारणाने रंग बिघडला, तर शुद्ध बी त्यांच्याकडून परत मागता येईल. एका घरातले बी चार गावांत असले की ते सहसा हरवत नाही.

तेव्हा या हंगामात बी धराल तर तीन पाकिटे करा. एक स्वतःला, एक शेजाऱ्याला आणि एक दूरच्या नातलगाला. पाकिटावर चार गोष्टी लिहायला विसरू नका: फुलाचे नाव, रंग, बी धरल्याचा महिना व वर्ष, आणि गाव.